काजळीतले चेहरे

मेल्यावर माणसाबरोबर काय जाते, असा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या बायकांना विचारला की उत्तर ठरलेले असे : गोंदण. अंगावरचे सोने लेकी-सुना वाटून घेतात. लुगडी कुणा गरजवंताला दिली जातात. कुंकू तर बिचारे नवऱ्याच्या हयातीपुरतेच. हातावर गोंदलेली तुळस मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही. ती चितेपर्यंत सोबत करते. अंगावर एखादे तरी गोंदण हवे, नाहीतर वर गेल्यावर देवाला काय दाखवणार, असे म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक आता त्या गोंदणासकट निघून गेल्या.

आमच्या गोव्यात कुणबी, धनगर यांच्या घरच्या वयस्क बायकांच्या हातांवर हे हिरवट-निळे ठिपके अजून दिसतात. कपाळावर एक टिंब, हनुवटीवर एक, मनगटावर तुळशीवृंदावन, गोपद्म, पाळणा, विंचू, क्वचित नवऱ्याचे नाव. गोंदणारी बाई जत्रेला किंवा आठवड्याच्या बाजाराला यायची. दिवलीच्या ज्योतीवर पालथी वाटी धरून जमवलेली काजळी, ती कालवायला कसल्यातरी पाल्याचा रस, कुठे अंगावरचे दूध, आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया एवढेच तिचे भांडवल. पोरगी रडू लागली की बाई गाणे सुरू करायची आणि दोघी-तिघी जणी पोरीचा हात घट्ट धरून बसायच्या. ही सारी कला रेघेची आणि ठिपक्याची. तिच्यात छाया नव्हती. तुळस म्हणजे तुळशीची खूण, राम-सीता म्हणजे दोन त्रिकोणी बाहुल्या. माणसाचा चेहरा हुबेहूब काढावा असे त्या बाईच्या मनातही येत नसे, आणि तशी कुणाची मागणीही नसे.

आता बागा-कळंगुटला जाऊन पाहा. दंडावर गेलेल्या बापाचा चेहरा कोरून घेतलेला तरुण हमखास भेटतो. चेहरा कसा, तर चष्म्याच्या काचेवरची चमक दिसते, दाढीचे खुंट मोजता येतात, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांत माया दिसते. आणि हे सगळे फक्त काळ्या शाईत. रंगाचा एक थेंब नाही. या प्रकाराला त्या धंद्यात 'ब्लॅक अँड ग्रे रिअॅलिझम' म्हणतात. आपण काळ्या-पांढऱ्यातले हुबेहूब गोंदण म्हणू. ठिपक्यांच्या तुळशीपासून या चेहऱ्यापर्यंत गोंदण कसे पोचले, याचा मी काही वर्षे शोध घेत होतो. त्याचा रस्ता तुरुंगातून जातो हे कळले तेव्हा विषय सोडवेना.

हा विषय डोक्यात शिरला तो ग्वाल्हेरला. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपली राजधानी इथे हलवली. किल्ल्याखाली त्यांच्या फौजेची छावणी पडली, आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणून त्याचे नाव लष्कर. या लष्करात मराठी घराण्यांच्या पाच-सात पिढ्या नांदल्या. महाराज बाड्यापासून इंदरगंज, जयेंद्रगंज अशा पेठांतून हिंडताना पाट्यांवर अजून मराठी आडनावे सापडतात. अशा घरांत बैठकीच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या तसबिरी असतात. पगडीवाले पणजोबा, नऊवारीतल्या पणजीबाई, चेहऱ्यावर हसू नाही, नजर समोर. या मुलखाला फोटोचा छंद जुना. लाला दीनदयाळांनी टिपलेली ग्वाल्हेरच्या किल्ल्याची छायाचित्रे १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरील ग्रंथात छापली गेली. राजवाड्यातला फोटो हळूहळू सरदारांकडे, मग कारकुनाकडे आला आणि मेलेल्या माणसाचे घरातले स्थान काळ्या-पांढऱ्या चौकटीत पक्के झाले.

इंदरगंजात एका जिन्यावरच्या खोलीत टॅटूचे काम करणारा एक तरुण मला भेटला. त्याचे नाव इथे सांगत नाही, तशी त्याची इच्छाही नव्हती. भिंतीवर महाकाल, वाघ, घड्याळे, आणि मधोमध एका म्हातारीचा चेहरा. तो रंग वापरत नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "अंकल, रंग उन्हात मरतो. काळा म्हातारा होतो, मरत नाही." त्याच्याकडे येणारी मुले मोबाईलमध्ये आई-वडिलांचा जुना फोटो घेऊन येतात. फोटो बहुतेक वेळा तोच असतो, भिंतीवरच्या हाराखालचा. म्हणजे पणजोबांची तसबीर आता भिंतीवरून दंडावर उतरू लागली आहे.

ग्वाल्हेरकरांना गोंदण तसे नवे नाही. इथला मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला. गुराढोरांच्या बाजारापासून निघालेला हा मेळा पुढे उत्तर हिंदुस्थानातला एक मोठा व्यापारी मेळा झाला. उत्तरेतल्या अशा मेळ्यांत गोदनेवाला ठरलेलाच. जमिनीवर फडके, फडक्यावर नमुन्यांचा कागद, बॅटरीला जोडलेले किर्र आवाज करणारे यंत्र. पाच मिनिटांत नाव, दहा मिनिटांत हनुमान. आपल्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि जत्रांतही असे यंत्रवाले पाहिलेले लोक आहेत.

त्या यंत्राची कुळकथा मजेची आहे. थॉमस एडिसनने १८७६ साली एका विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. ही लेखणी कागदावर शाईने लिहीत नसे. तिच्या टोकाची सुई भराभर वर-खाली होऊन कागदाला बारीक भोके पाडी. त्या भोकांच्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की खाली हव्या तितक्या प्रती निघत. कचेऱ्यांसाठी काढलेली ही लेखणी फारशी चालली नाही. पण न्यूयॉर्कमधल्या सॅम्युएल ओरायली नावाच्या गोंदणाऱ्याने तिच्यात फेरफार केले आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी गोंदणाच्या विजेच्या यंत्राचे पेटंट मिळवले. कागदाला भोके पाडणारी सुई कातडीला भोके पाडू लागली, एवढाच काय तो फरक! तासाचे काम मिनिटांवर आले. मात्र चित्रे तीच राहिली. जाड काळी कड, आत लाल-हिरवा रंग, नांगर, गुलाब, खलाशाच्या प्रेयसीचे नाव. दुरून ओळखू यावे असे ठसठशीत. हुबेहूब चेहरा अजून दूरच होता.

इथे थोडे थांबून गोंदणाची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळणार नाही. गोंदण नेहमीच हौसेचे नसते. सुई कुणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने बंगाल इलाख्यात १७९७च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची पद्धत पक्की केली. कागदोपत्री तिला 'गोदना' हाच देशी शब्द होता. आपल्या आजीच्या तुळशीचा शब्द सरकारने उचलला आणि शिक्षेला लावला! मध्य हिंदुस्थानात १८३०च्या दशकात कर्नल स्लीमनच्या मोहिमेत ठग म्हणून शिक्षा झालेल्यांच्याही चेहऱ्यांवर असे गोंदण झाले. कैदी मग पागोटे भुवयांपर्यंत ओढून घेत किंवा केस पुढे सोडत. १८४९ साली ही पद्धत बंद झाली. कायद्यातून ती गेली, पण लोकांच्या मनातून गेली नाही. १९७५ सालच्या 'दीवार' चित्रपटातला नायक आठवा. बाप चोर असल्याचे वाक्य लहानपणी त्याच्या हातावर जबरदस्तीने गोंदले जाते आणि पुढचा सारा चित्रपट त्या चार शब्दांच्या ओझ्याखाली चालतो. चित्रपटाचे राहू द्या. १९९३ साली अमृतसरला पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर त्या खिसेकापू असल्याचा शब्द गोंदवला. त्या बायकांनी पुढे न्यायालयात दाद मागितली. त्यातल्या पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. तेवीस वर्षे. कपाळावरचा शब्द रोज सकाळी आरशात दिसत असताना तेवीस वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तर 'दीवार' ज्या १९७५ साली आला, त्याच साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात, व्हिटियर बुलेवार नावाच्या रस्त्यावर 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे दुकान उघडले. चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी हे दोघे ते चालवत. वस्ती मेक्सिकन वंशाच्या कामकरी लोकांची. तिथे गोंदण खलाशांचे नव्हते, तुरुंगातून सुटून आलेल्यांचे होते. आणि ते पाहून हे दोघे व्यावसायिक चकित झाले. इतकी बारीक रेघ, इतकी मऊ छाया त्यांच्या महागड्या यंत्रांतून निघत नव्हती!

याचे कारण तुरुंगातली टंचाई. कैद्याला रंग कुठून मिळणार? तो तेल किंवा प्लास्टिक जाळून, वर कागद धरून काजळी जमवी आणि ती पाण्यात किंवा साबणात कालवी. वाचकहो, ही आपली दिवलीवरची पालथी वाटीच नव्हे काय? यंत्र म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या टेपमधली लहानशी मोटर, बॉलपेनची पोकळ नळी आणि सुईच्या जागी घासून टोक काढलेली गिटारची तार. तार एकच, म्हणून रेघ केसासारखी. शाई एकच, म्हणून छटा हवी तर तीत पाणी घालायचे. जास्त पाणी, फिकी राखाडी; कमी पाणी, गडद. वेळ मात्र वर्षांनी मोजण्याइतका. एका चेहऱ्यावर महिनाभर बसले तरी घाई नाही. दुकानात ज्याला कुणी शैली म्हटले असते ती तिथे निव्वळ अडचणीतून झाली होती.

कार्टराइट आणि रूडी यांनी दुकानातले चांगले यंत्र एका सुईवर चालेल असे करून घेतले. पण तुरुंगातली ती नजर खऱ्या अर्थाने दुकानात आली ती फ्रेडी नेग्रेटे याच्याबरोबर. या माणसाची कारकीर्द सांगण्यासारखी आहे. जन्म १९५६चा. आई ज्यू, बाप मेक्सिकन वंशाचा. बालपण परक्या घरांत गेले, पोरवयातच टोळीत शिरला, मग बालगुन्हेगारांच्या कोठड्या आल्या आणि तिथेच सुई हातात आली. तुरुंगात चित्र काढता येणाऱ्याला मान असतो. जिथे फोटो लावायला भिंत नाही, तिथे माणूस आपल्या आईचा, बायकोचा, लेकराचा चेहरा अंगावर काढून घेतो. छातीवर ग्वादालुपेची माता, दंडावर प्रेयसी, पाठीवर अॅझटेक योद्धा. नेग्रेटे हे सगळे काढत शिकला. एक हसरा आणि एक रडका असे मुखवट्यांचे जोडचित्र जगभरच्या दुकानांत आज दिसते. त्याचे श्रेय त्यालाच दिले जाते.

१९७७ साली कार्टराइटने ते दुकान सोडले आणि एड हार्डी याने ते घेतले. हार्डी सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत छापचित्रण शिकलेला माणूस. गोंदणही कला आहे असे तो तेव्हा मोठ्याने म्हणत होता. त्याच वर्षी नेग्रेटेला त्या दुकानात नोकरी मिळाली. पदवीधर मालक आणि कोठडीतून आलेला कारागीर एका छपराखाली आले. १९८० साली नेग्रेटेला वर्षातील उत्कृष्ट टॅटू कलाकार म्हणून गौरवण्यात आले. काळ्या-राखाडी कामाला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. काल ज्या कामावरून पोलिस टोळीवाला ओळखत, त्याच कामाला आज बक्षीस!

गोष्ट इथे संपली असती तर फारच गोड झाली असती. नेग्रेटे पुढे हेरॉइनच्या आहारी गेला, बरीच वर्षे त्यात गमावली, एका ज्यू व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्यातून बाहेर आला. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी त्याने नटांच्या अंगावर गोंदणे रंगवली. १९९८चा 'ब्लेड' त्यांतलाच. मार्क महोनी या दुसऱ्या नामांकित कारागिराच्या सनसेट बुलेवारवरील दुकानात तो काम करू लागला आणि २०१६ साली त्याचे आत्मचरित्र आले. त्याच्या मुलानेही हाच धंदा उचलला. जॅक रूडी २०२५च्या जानेवारीत वारला. व्हिटियर रस्त्यावरच्या त्या दुकानात जे सुरू झाले ते तोवर इंदरगंजाच्या जिन्यापर्यंत पोचलेले होते.

आता थोडे कारागिरीविषयी. आधी फोटो निवडायचा. पुसट, चपटा, समोरून प्रकाश पडलेला फोटो असेल तर चांगला कारागीर नको म्हणतो, कारण ज्या चेहऱ्यावर सावली नाही त्याला आकार नाही. मग फोटोवरून मुख्य कडा आणि सावल्यांच्या हद्दी एका खास कागदावर उतरवून घेतात आणि तो कागद कातडीवर दाबून जांभळी खूण उठवतात. जुने सिनेमाचे फलक रंगवणारे चौकटी आखून चेहरा मोठा करत, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर शाईच्या लहान टोप्या मांडतात. एकीत निव्वळ काळी, पुढच्यांत पाणी वाढवत नेलेल्या तीन-चार छटा. बारीक रेघेला गोल जुडीच्या सुया, सावलीला चपट्या रांगेच्या. थरावर थर चढवत जायचे. घाई केली, एका जागी सुई फार फिरली, की कातडी सोलवटते आणि तिथे कायमचा डाग राहतो.

आणि पांढरा रंग? तो बहुतेक नसतोच. उजेड म्हणजे न गोंदलेली कातडी. कारागीर उजेड काढत नाही, तो उजेड वाचवतो. इथे मला आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आठवतात. हातात समई घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. ते चित्र जलरंगातले आहे, हे अनेकांना पाहूनही पटत नाही. जलरंगात एकदा गडद केलेले पुन्हा फिके होत नाही. ज्योतीमागे बोटांवर पडलेला प्रकाश म्हणजे चित्रकाराने आधीच ठरवून राखलेला कागद. गोंदणाऱ्याचेही अगदी असेच. फरक इतकाच की त्याचा कागद श्वास घेतो, दुखले की हलतो, आणि फाडून नवा घेता येत नाही.

शिवाय आपला कागद पांढरा नाही. पुस्तकांत आणि इंटरनेटवर दिसणारे नमुने बहुधा गोऱ्या कातडीवरचे. तिथे फिकी राखाडीही उठून दिसते. गव्हाळ किंवा सावळ्या हातावर तीच छटा बुडून जाते. म्हणून इथल्या कारागिराला मधल्या छटा कमी करून काळा अधिक गडद करावा लागतो आणि उजेडाची जागा अधिक मोकळी सोडावी लागते. नाहीतर चार वर्षांनी बापाचा चेहरा म्हणजे नुसता ढग. इंदरगंजातला तो तरुण सांगत होता की, हे त्याला कुठल्या व्हिडिओने शिकवले नाही. पहिल्या दोन वर्षांतल्या गिऱ्हाइकांच्या हातांनी शिकवले. शिकण्याची ही किंमत दुसऱ्याच्या अंगावर कायमची लिहिलेली असते, हे तो मान खाली घालून म्हणाला. मला ते वाक्य फार प्रामाणिक वाटले.

सुई किती खोल जावी, यावर सारे टिकणे अवलंबून. वरच्या थरात राहिली तर शाई कातडीबरोबर झडून जाते, फार खोल गेली तर रेघ फुटून पसरते. मधला थर हवा, साधारण एक ते दोन मिलिमीटरचा खेळ. तिथे शाई टिकते कशी, याचे उत्तर मोठे सुंदर आहे. शरीर शाईला परकी घाण समजते. तिला गिळायला पांढऱ्या पेशींच्या जातीच्या भक्षक पेशी धावतात. त्या काजळी गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि पोटात धरून तिथेच बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की अशी पेशी मेली की सुटलेली काजळी शेजारची नवी पेशी गिळते. ती मेली की तिसरी. म्हणजे जी रेघ आपण अक्षय समजतो ती खरे तर पिढ्यान्‌पिढ्या एकीने दुसरीच्या ओटीत घातलेली असते. आजीचे गोंदण पुसट होत गेले तरी गेले नाही, ते यामुळे.

हे सगळे चांगले, पण ग्वाल्हेरला गोंदणाचा एक कडू हिशेबही ऐकायला मिळतो. भिंड, मुरैना, ग्वाल्हेर हा सैन्यभरतीचा मुलूख. घरटी एक तरी मुलगा पहाटे सडकेवर धावत असतो. सैन्यभरतीत कायमच्या गोंदणाला कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच मोकळीक. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट. म्हणजे दंडाच्या बाहेरच्या बाजूला वारलेल्या आईचा चेहरा काढून घेतलेला मुलगा धावण्यात पहिला आला तरी वैद्यकीय तपासणीत अडकू शकतो. मग लेझरवाल्याकडे खेपा, प्रत्येक खेपेला पैसे, आणि शेवटी आईच्या जागी उरलेला पांढुरका चट्टा. जाणता कारागीर म्हणून आधी विचारतो, भरतीला बसणार आहेस का? बसणार असलास तर ये, पण निकाल लागल्यावर ये. असे सांगून आलेले गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्याचा मला आदर वाटतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या पिढीच्या पोरी आज हौसेने मनगटावर पिसे आणि पाखरे काढून घेतात, त्यांच्याच आया कपाळावरचे टिंब पावडरीखाली लपवत आल्या. शहरात शिकायला गेलेल्या कितीतरी बायकांनी हातावरचे हिरवे गोंदण अडाणीपणाची खूण म्हणून पदराआड ठेवले, काहींनी डॉक्टरकडे जाऊन काढवून घेतले. काजळी तीच, सुई तीच. जत्रेतल्या बाईने काढली तर मागासलेपण, वातानुकूलित खोलीत काढली तर कला. न्यूयॉर्क शहरानेही १९६१ साली काविळीच्या भीतीने गोंदणावर बंदी घातली होती आणि ती १९९७पर्यंत टिकली. आज त्याच शहरात त्याची प्रदर्शने भरतात. प्रतिष्ठा सुईला नसते. ती धरणाऱ्याला आणि धरून घेणाऱ्याला असते.

मध्य प्रदेशातच या उलट प्रवासाचेही उदाहरण आहे. दिंडोरी जिल्ह्यातील लालपूरच्या मंगलाबाई मरावी या बैगा समाजाचे परंपरेने चालत आलेले गोदना आता कॅनव्हासवर उतरवतात. तिकडे तसबीर कातडीवर गेली, इकडे कातडीवरची नक्षी चौकटीत आली. आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायकांचे नमुने असे कुणी उतरवून घेतले का, त्यांची गाणी कुणी लिहून ठेवली का? ज्यांच्या घरी अजून असे हात आहेत त्यांनी निदान एक चांगला फोटो काढून ठेवावा. रंगीत नको, काळा-पांढराच काढा. रेघ नीट दिसेल. आणि कोणते चित्र कुठे, केव्हा, कुणाकडून काढले, तेही विचारून मागे लिहून ठेवा. हे काम फार दिवस थांबणार नाही.

मला स्वतःला गोंदण नाही. होण्याची शक्यताही या वयात नाही. पण दंडावर बाप घेऊन हिंडणाऱ्या पोरांना मी आता हसत नाही. भिंतीवरच्या तसबिरीची एक गंमत असते. ज्याने ती लावली तो गेला की ती मागे राहते. पुढची पिढी ती माळ्यावर टाकते, आणि एक दिवस हे कोण, हे सांगणारेही कुणी उरत नाही. दंडावरचा बाप तसा बेवारस होत नाही. ज्याला तो ओळखीचा आहे त्याच्याच बरोबर तो म्हातारा होतो, त्याच्याच बरोबर थोडा थोडा पुसट होतो, आणि त्याच्याच बरोबर जातो. आजीच्या तुळशीचेही नेमके हेच होते.